हार्ड डिस्कची पूर्वरूपे : संगणकाचा इशारा कसा वाचावा आणि डिस्क केव्हा बदलावी

वैद्यांच्या त्रैमासिकात यंत्राच्या व्याधीविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अंधेरी-बोरिवलीकडे पाहा किंवा घाटकोपर-मुलुंडकडे, उपनगरांतील आपल्या अनेक व्यवसायबंधूंचे केसपेपर, पंचकर्माच्या नोंदी, औषधांचा साठा आणि बिले आज संगणकात असतात. संगणकात म्हणजे नेमके कोठे, असे विचारले तर उत्तर एकच : तळहाताएवढ्या एका पेटीत, जिला आपण हार्ड डिस्क म्हणतो. दारी आलेल्या रुग्णाची प्रकृती, अग्नी, कोष्ठ विचारणारे आपण, या पेटीची प्रकृती वर्षानुवर्षे विचारत नाही. आम्हीही विचारली नव्हती. त्याची जी किंमत मोजावी लागली, त्यातूनच प्रस्तुत लेख लिहिण्याची बुद्धी झाली.

सन २०१६ च्या गणेशोत्सवात आमच्या मुलुंड येथील चिकित्सालयातील संगणक सकाळी सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी दाखवू लागला. त्यांचा आशय असा की, स्मार्ट स्थिती वाईट आहे, प्रत काढून डिस्क बदला. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. आमच्या मदतनिसाने पहिल्या ओळीपेक्षा दुसरी ओळ मनावर घेतली, आणि त्यात त्याचा दोष नाही. एकदा सहज विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, एफ-वन दाबलं की होतो चालू. मी रोज दाबतोच." आम्ही "बरं" म्हणालो आणि पुढच्या रुग्णाची नाडी पाहू लागलो. दिवाळीनंतर एके सकाळी एफ-वन दाबूनही काही झाले नाही. पेटीतून टकटक असा ठराविक लयीचा आवाज येत होता. शेवटची प्रत एका पेन ड्राइव्हवर होती आणि ती चौदा महिने जुनी होती.

बिले हिशेबनीसाकडून परत मिळाली, साठा मोजून काढता आला. केसपेपर मात्र गेले. एककुष्ठाची एक रुग्णा वमनापूर्वीच्या स्नेहपानात कितव्या दिवशी किती मात्रा घेत होती, घृत किती तासांत जिरत होते, हे आम्हांस तिच्या मुलीने घरी ठेवलेल्या वहीतून उतरवून घ्यावे लागले. दुसरा एक रुग्ण आरोग्यवर्धिनीवर होता. या कल्पात कज्जली आणि ताम्रभस्म असते, म्हणून कोणत्या दिवशी आरंभ केला आणि किती काळ दिले हे ठाऊक असणे हा चिकित्सेचा भाग आहे, केवळ कारकुनीचा नव्हे. रुग्ण म्हणाला चार-पाच महिने झाले असतील. पत्नी म्हणाली आठ तरी झाले. आम्ही औषध थांबवले आणि यकृत व वृक्क यांच्या तपासण्या करवून घेतल्या. सुदैवाने त्या ठीक निघाल्या. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे असायला हवे होते ते आम्ही रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोडले होते, ही गोष्ट अद्याप बोचते.

इशारा कोण देतो

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या असतात. त्या मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर वाचक-लेखक शीर्ष तरंगत असते. पृष्ठभागाचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कांत एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट, नव्यांत ४०९६ बाइट मावतात. काही सेक्टर कारखान्यातच राखीव ठेवले जातात. एखादा सेक्टर निकामी झाला की डिस्क त्याची जागा राखीव सेक्टरला देते आणि आपल्याला कळवीत नाही. फक्त आपल्या दप्तरी एक आकडा वाढवते. हे दप्तर म्हणजेच 'स्मार्ट'. सन १९९२ मध्ये आयबीएमने आपल्या एएस/४०० संगणकांच्या डिस्कांत बिघाडाचे भाकीत करणारी अशी सोय प्रथम आणली. नंतर कॉम्पॅकने डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांसह तसाच प्रयत्न केला आणि १९९५ मध्ये तो मानकासाठी पुढे ठेवला. आजच्या प्रत्येक डिस्कमध्ये हे दप्तर असते, पाहणाराच नसतो.

माधवनिदान वाचलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती या पंचकातील पूर्वरूपाचे स्थान येथे या आकड्यांना आहे. सुश्रुताचे षट्क्रियाकाल आठवले तर अधिकच नेमके सांगता येते. राखीव सेक्टर हळूहळू खर्च होणे हा संचय-प्रकोपाचा काळ, संगणक विनाकारण अडखळू लागणे हा स्थानसंश्रय, आणि फाइल उघडेनाशी होणे ही व्यक्ती. टकटक ऐकू येते तेव्हा भेदावस्था आलेली असते. आम्ही एफ-वन दाबत होतो तो काळ स्थानसंश्रयाच्याही पुढचा होता. (तुलना स्मरणासाठी आहे. धातूच्या चकतीला दोष नसतात, याची आम्हांस जाणीव आहे.)

आकडे कसे वाचावेत

विंडोज असलेल्या संगणकावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य साधन सोयीचे आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी स्मार्टमॉनटूल्स आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडताच वरच्या बाजूस निळी, पिवळी किंवा लाल पट्टी दिसते. निळी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. बहुतेक जण येथेच थांबतात. आमचे म्हणणे असे की खालची सारणी वाचल्याखेरीज उठू नये.

या सारणीत प्रत्येक ओळीला एक क्रमांक असतो आणि त्यापुढे चालू मूल्य, आजवरचे सर्वांत वाईट मूल्य, मर्यादा आणि शेवटी मूळ आकडा असतो. पहिली दोन मूल्ये गुणांसारखी आहेत. ती वरून खाली उतरतात आणि मर्यादेस पोहोचली की डिस्क स्वतःला नापास ठरवते. ही मर्यादा उत्पादक ठरवतो, आणि हमीकाळात चांगल्या डिस्का परत येऊ नयेत याचीही काळजी त्याला घ्यायची असते. म्हणून मर्यादा ओलांडली जाण्याआधीच पुष्कळ डिस्का मरतात. स्थिती उत्तम असे लिहिलेले आहे, यावर विसंबणे म्हणजे ज्वर १०४ अंशांपुढे गेला नाही म्हणून रुग्णाला निरोगी ठरवणे होय. वैद्याने पाहायचा तो मूळ आकडा.

येथे एक गफलत फार होते. क्रिस्टलडिस्कइन्फो क्रमांक आणि मूळ आकडे दोन्ही षोडशमान पद्धतीने दाखवते. म्हणजे शेवटी '१०' दिसले तर ते आपले सोळा आणि '६४' दिसले तर आपले शंभर. मेनूतील पर्याय बदलून मूळ आकडे दशमान करून घ्यावेत. क्रमांकांचेही तसेच : ज्याला पुस्तकांत १९७ म्हणतात तो येथे 'सी ५' आणि १९८ तो 'सी ६' असा दिसतो. १८७ म्हणजे 'बी बी', १८८ म्हणजे 'बी सी', १९९ म्हणजे 'सी ७'. क्रमांक ५ तेवढा दोन्हीकडे पाचच राहतो.

आता या क्रमांकांचे अर्थ. पाचवा क्रमांक म्हणजे बदली दिलेल्या सेक्टरांची संख्या. ही जखम भरून आली आहे, पण व्रण राहिला आहे. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. यांतील मजकूर त्या क्षणी आपल्याला उपलब्ध नसतो, म्हणून हा आकडा आम्हांस पाचव्यापेक्षा अधिक भयावह वाटतो. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी करताना दुरुस्त न झालेले सेक्टर. १८७ म्हणजे डिस्कने हात टेकले आणि संगणकाला तसे कळवले, अशा प्रसंगांची संख्या. १८८ हा वेळेत पूर्ण न झालेल्या आज्ञांचा आकडा. याचे कारण कधी कधी वीजपुरवठ्यातही असते.

प्रतीक्षेतल्या सेक्टरांबाबत एक बारकावा आहे. सेक्टर लिहिला जात असतानाच वीज गेली तर तो अर्धवट राहतो आणि पुढे वाचता येत नाही. पुन्हा त्यावर लिहिले की तो ठणठणीत निघतो आणि १९७ शून्यावर येतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व आसपासचा परिसर अंधारात गेला, तेव्हा ज्यांच्या संगणकाला यूपीएस नव्हता त्यांच्यावर असा प्रसंग येऊ शकत होता. म्हणून अशा घटनेनंतर दिसलेले एक-दोन प्रतीक्षेतले सेक्टर म्हणजे आगंतु ज्वर समजावा. प्रत काढून आठवडाभर निरीक्षण करावे. मात्र वीज न जाता आकडा वाढत असेल, किंवा १९७ कमी होत असतानाच पाचवा तेवढाच वाढत असेल, तर व्याधी निज आहे. तो सेक्टर बरा झालेला नसतो, त्याला निवृत्त करून राखीव सेक्टर बसवलेला असतो.

काही आकडे उगाच घाबरवतात. सीगेटच्या डिस्कांत क्रमांक १ आणि ७ यांचे मूळ आकडे कोटींच्या घरात असतात. त्यांत चुकांसोबत एकूण क्रियांची मोजणीही मिसळलेली असते, तिकडे लक्ष देऊ नये. १९९ हा तर डिस्कचा रोगच नव्हे. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील केबलचा दोष दाखवतो. चूर्ण दळणाऱ्या यंत्राच्या किंवा काढ्याच्या भट्टीच्या जवळ ठेवलेल्या संगणकात धूळ व वाफ यांमुळे केबलच्या टोकांवर गंज चढतो, आणि पावसाळ्यात उपनगरांतील दमट हवेने त्यात भर पडते. केबल बदलावी, टोके घट्ट बसवावीत. जुना आकडा पुसला जात नाही, म्हणून तो वहीत लिहून ठेवावा आणि पुढे वाढतो का एवढेच पाहावे. दोनशे रुपयांच्या आतबाहेरच्या केबलसाठी चांगली डिस्क टाकून दिल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

पूर्वरूपाशिवाय मृत्यू

अरिष्टाविषयी आपल्या संहितांची भूमिका प्रसिद्ध आहे. फळाआधी फूल, अग्नीआधी धूर, पावसाआधी मेघ, तसे मृत्यूआधी अरिष्ट, असे सुश्रुत सांगतात. डिस्कच्या बाबतीत हे कितपत खरे, याचा शोध मोठ्या संख्येवर घेतला गेला आहे. गूगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट आढळली. पहिला सेक्टर बदली झाल्यानंतर १४ पट. एवढ्यावरून वाटेल की धूर दिसला की अग्नी आहेच. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते, आणि तापमान सोडून इतर सर्व लक्षणे जमेस धरली तरी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्का निर्लक्षणच गेल्या.

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी दुसऱ्यांच्या माहितीच्या प्रती सांभाळण्याचा व्यवसाय करते आणि आपल्या हजारो डिस्कांचे आकडे प्रसिद्ध करते. तिने २०१६ मध्ये वर सांगितलेल्या ५, १८७, १८८, १९७ व १९८ या पाच क्रमांकांचा हिशेब मांडला. मेलेल्या डिस्कांपैकी ७६.७ टक्के डिस्कांत यांपैकी किमान एक आकडा शून्यापेक्षा अधिक होता. चालू डिस्कांत हे प्रमाण ४.२ टक्के होते. म्हणजे लक्षण दिसले तर त्याला मोठा अर्थ आहे, आणि तरीही सुमारे चौथा हिस्सा न सांगता गेला.

न सांगता जाण्याची कारणेही विचित्र असतात. सन २००८ च्या अखेरीस व २००९ च्या आरंभी सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतील पुष्कळ डिस्का, आतील सूचनाप्रणालीच्या दोषामुळे, संगणक सुरू करताच कायमच्या मुक्या झाल्या. चकत्या शाबूत होत्या. सन २०१९ मध्ये एचपीईच्या काही एसएसडींत असा दोष सापडला की ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास पूर्ण होताच त्या बंद पडत. एकाच दिवशी बसवलेल्या दोन असतील तर दोन्ही एकाच वेळी. संगणकात दोन डिस्का जोडून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवले की निश्चिंती, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. शिवाय चुकून पुसलेली फाइल प्रतिबिंबातूनही त्याच क्षणी पुसली जाते.

आणि आगंतु कारणे तर आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या रात्री तळमजल्यावरील दुकानांत व दवाखान्यांत पाणी शिरले. पाण्याखाली गेलेल्या डिस्कच्या दप्तरात आदल्या दिवशी काय आकडा होता, याला काही अर्थ उरत नाही. आगंतु व्याधीत आधी व्यथा आणि मागाहून दोषवैषम्य, हा चरकाचा क्रम येथे अक्षरशः लागू पडतो.

यावरून आम्ही जो निर्णय घेतला आहे तो सांगतो. प्रत काढण्याचा आणि इशाऱ्याचा संबंध तोडावा. प्रत रोज काढावी, इशारा असो वा नसो. इशाऱ्याचा उपयोग केवळ डिस्क बदलण्याचा दिवस ठरवण्यासाठी करावा. आमच्याकडे एक प्रत बाहेरील डिस्कवर रोज रात्री निघते आणि ती डिस्क लगेच काढून कपाटात जाते, कारण सतत जोडलेली प्रत विजेच्या धक्क्याला आणि व्हायरसला तितकीच बळी पडते. दुसरी प्रत आठवड्याला घरी, तिसऱ्या मजल्यावर जाते. ज्यांचे दुकान अंधेरीस तळमजल्यावर आणि घर बोरिवलीस आहे, त्यांना ही सोय आपोआपच आहे. इंटरनेटवर प्रत ठेवायची असल्यास ती सांकेतिक कुलूप लावूनच ठेवावी. त्यांत रुग्णांची गुपिते असतात. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एक जुना केसपेपर प्रत्यक्ष उघडून पाहावा. न उघडलेली प्रत ही न चाखलेल्या आसवासारखी असते. ते शुक्त झाले आहे की काय, हे बाटलीवरून कळत नाही.

साध्यासाध्यता

डिस्क केव्हा बदलावी हा मूळ प्रश्न. येथे आम्ही साध्य, याप्य आणि असाध्य असे तीनच भाग पाडतो.

साध्य म्हणजे केबलचा दोष, पंख्यात धूळ साचून वाढलेले तापमान, वीज गेल्याने राहिलेला एखादा सेक्टर. तापमानाविषयी एक शब्द : गूगलच्या अभ्यासात मध्यम उष्णतेचा डिस्क मरण्याशी अपेक्षेइतका संबंध दिसला नाही, अतिउष्णतेचाच दिसला. मे महिन्यात ४५ अंश दिसले म्हणून घाबरू नये. ५५ च्या पुढे जात असेल तर पंखा साफ करावा आणि संगणक भट्टीपासून दूर न्यावा.

याप्य म्हणजे पाचव्या क्रमांकावर चार-आठ सेक्टर आहेत, परंतु सहा महिने आकडा हललेला नाही, १९७ आणि १९८ शून्य आहेत आणि डिस्कची स्वतःची दीर्घ तपासणी निर्विघ्न पूर्ण होते. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू, हा याप्याचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे. अशी डिस्क मुख्य कामावरून काढून दुय्यम कामाला लावावी आणि आठवड्याला आकडा पाहावा. येथे आकड्यापेक्षा गतीला महत्त्व आहे. स्थिर असलेले चाळीस सेक्टर आम्हांस चालतील. सोमवारी दोन, गुरुवारी सहा आणि शनिवारी अकरा झालेले चालणार नाहीत.

असाध्य कोणती ते स्पष्ट सांगतो. १९७ किंवा १९८ शून्यापेक्षा अधिक असून आठवड्यात वाढला, १८७ वाढू लागला, पाचवा वाढता राहिला, दीर्घ तपासणी मध्येच चूक दाखवून थांबली, सुरू होताना एफ-वनचा निरोप आला, किंवा टकटक ऐकू आली, यांपैकी एकही असेल तर डिस्क त्याच दिवशी बदलावी. महिनाअखेर, हिशेब पूर्ण झाल्यावर, दिवाळीनंतर, असली मुदत देऊ नये. नव्या डिस्कला काही हजार रुपये लागतात. मेलेल्या डिस्कमधून मजकूर काढून देणाऱ्या प्रयोगशाळा त्याच्या कित्येक पट आकारतात आणि यशाची हमी देत नाहीत. औषधविक्रेत्यांना आणखी एक कारण आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेब व कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क गेली, हे उत्तर देऊन भागत नाही. जे स्वतः औषधनिर्मिती करतात त्यांच्या बॅचनिहाय नोंदींनाही हेच लागू आहे.

आकडे निर्दोष असूनही वयामुळे बदलावी काय, यावर मतभेद आहेत. आम्ही पाच वर्षांनंतर डिस्कला मुख्य कामावरून निवृत्त करतो. हा शास्त्रनियम नसून आमची सवय आहे.

असाध्य डिस्कवर प्रथम काय करू नये ते महत्त्वाचे. डिस्क दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम चालवू नये, डिफ्रॅग करू नये, संपूर्ण व्हायरस तपासणी लावू नये. ही सगळी कामे शीर्षाला चकतीच्या कानाकोपऱ्यात धावायला लावतात; बलक्षीण रुग्णाला शोधन देण्यासारखाच हा प्रकार आहे. आधी केसपेपर आणि हिशेबाची फाइल, म्हणजे जे लहान आणि अमूल्य आहे ते, दुसरीकडे उतरवावे. मग फोटो वगैरे. त्यानंतरच उरलेल्या सर्वाची प्रत डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने घ्यावी. ते आधी वाचता येणारा भाग उचलते आणि खराब भागाकडे शेवटी वळते. टकटक सुरू झाली असेल तर यांतले काहीच करू नये. वीज बंद करावी आणि जाणकाराकडे जावे. आम्ही त्या सकाळी संगणक दहा-बारा वेळा बंद-चालू करून पाहिला. प्रत्येक वेळी शीर्ष चकतीला खरवडत असावे, असे नंतर पेटी उघडणाऱ्या तंत्रज्ञाने आम्हांस दाखवले.

एसएसडी आणि नवी खरेदी

अलीकडच्या संगणकांत फिरती चकती नसलेली एसएसडी असते. ती वेगवान आहे, धक्के सोसते, पण तिची पूर्वरूपे वेगळी आहेत आणि टकटक तर नाहीच. तिच्यात आयुष्याचा किती टक्के भाग खर्च झाला आणि राखीव साठा किती उरला, हे पाहावे. दवाखान्याच्या कामात हा खर्च फार मंद असतो. बहुधा ती झिजून मरत नाही, नियंत्रक निकामी होऊन एकाएकी मरते. विजेशिवाय दीर्घकाळ पडून राहिल्यास तिच्यातील विद्युतभार ओसरू शकतो, म्हणून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी आम्ही चकतीचीच डिस्क वापरतो.

बाहेरील यूएसबी डिस्कचे आकडेही त्याच साधनात दिसतात. काही पेट्या ते दाखवू देत नाहीत, तशी पेटी प्रतीसाठी घेऊ नये.

नवी डिस्क आणायला आपण लॅमिंग्टन रोडला जातो किंवा घरबसल्या मागवतो. दुकानातून घरी आल्यावर मजकूर भरण्यापूर्वी पहिले काम म्हणजे नवव्या क्रमांकावरील चालू तास पाहणे. ते शून्याच्या आसपास हवेत. तथापि येथेही सावध राहावे. सन २०२५ च्या आरंभी जर्मनीत असे उघडकीस आले की काही विक्रेत्यांकडून नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या डिस्का प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या होत्या, आणि त्यांची नेहमीची मोजणी शून्यावर आणलेली होती. त्या डिस्कांत 'फार्म' नावाची आणखी एक अंतर्गत नोंद असते, तिच्यात खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्सच्या नव्या आवृत्तीतून ती वाचता येते. त्याचबरोबर अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमीची तारीख पडताळावी. नंतर दीर्घ तपासणी रात्रभर लावावी आणि सकाळी पाच क्रमांक शून्य आहेत ना ते पाहून वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावे. सीसीटीव्हीच्या यंत्रातून निघालेली जुनी डिस्क केसपेपरसाठी वापरण्याचा मोह टाळावा; ती रात्रंदिवस लिहून थकलेली असते.

जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नये. ती आपल्या दृष्टीने मेली असली तरी तिच्यातील रुग्णांची नावे, रोग आणि फोन क्रमांक जाणकाराला वाचता येतात. चालू असल्यास पूर्ण पुसून, बंद असल्यास चकतीला ड्रिलने तीन-चार आरपार छिद्रे पाडून मगच अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. छिद्रे धातूच्या झाकणाच्या मध्यभागी न पाडता कडेच्या बाजूस पाडावीत, कारण मध्यभागी केवळ मोटर असते. आणि लॅपटॉपच्या काही डिस्कांत चकती काचेची असल्याने डोळ्यांना चष्मा लावावा. आमच्या २०१६ च्या डिस्कला आम्ही अद्याप छिद्रे पाडलेली नाहीत. ती टेबलाच्या खणात आहे, आणि नवा मदतनीस आला की त्याला एफ-वनची गोष्ट सांगताना बाहेर निघते.